अपग्रेड झालं आणि आवाज बसला

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १०ची साथ सोडली आणि घरोघरचे लॅपटॉप विंडोज ११वर गेले. काहींनी तो रस्ता सोडून उबुंटू ही लिनक्स प्रणाली धरली. या महिन्यात आवाजाच्या तक्रारींची पत्रं घेतली आहेत, जागेअभावी थोडी काटछाट करून. मेन्यूंची नावं पडद्यावर जशी दिसतात तशीच ठेवली आहेत, म्हणजे शोधायला सोपं.

विंडोज ११ टाकल्यापासून लॅपटॉपचा आवाज पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखा येतो, आणि कमीही झालाय. दुरुस्तीच्या दुकानात सांगितलं, दोन्ही स्पीकर फुटलेत, बदलायला २८०० रुपये. लॅपटॉप चार वर्षांचा आहे. बदलून घेऊ का?
— एक वाचक, कर्वेनगर

पैसे खिशातच ठेवा. आदल्या दिवशी नीट वाजणारे दोन्ही स्पीकर एका रात्रीत फुटत नाहीत. फुटलेला स्पीकर वेगळा ओळखू येतो: आवाज वाढवला की तबल्याच्या डग्ग्यावर, खर्जात फडफडतो, हळू आवाजात बराच बरा वाटतो, आणि बहुतेकदा एकाच बाजूचा जातो. तुमच्या दोन्ही बाजू सारख्याच पातळ झाल्या आहेत. ही ड्रायव्हरची, म्हणजे चिप आणि विंडोज यांची गाठ घालून देणाऱ्या छोट्या सॉफ्टवेअरची, खूण आहे.

लॅपटॉपचे स्पीकर मुळात चिमुकले. त्यांतून भरदार आवाज निघावा म्हणून कंपनी डॉल्बी, वेव्हज मॅक्सऑडिओ, डिरॅक अशांपैकी एखादं सॉफ्टवेअर त्याच मॉडेलच्या मापाने बसवते. ते खर्ज उचलून धरतं, कर्कश भाग दाबतं, एकूण पातळी वाढवतं. हे सगळं कंपनीच्या ड्रायव्हरवर स्वार असतं. अपग्रेडमध्ये विंडोजला तो ड्रायव्हर पसंत पडला नाही, तर ते स्वतःजवळचा सर्वसाधारण ड्रायव्हर बसवून मोकळं होतं. आवाज येतो, पण कच्चा.

खात्री करून घ्या. स्टार्ट बटणावर उजवी क्लिक करून 'डिव्हाइस मॅनेजर' उघडा आणि 'साउंड, व्हिडिओ अँड गेम कंट्रोलर्स'च्या खाली पाहा. जिथे 'रिअलटेक ऑडिओ' असायला हवं तिथे नुसतं 'हाय डेफिनिशन ऑडिओ डिव्हाइस' दिसलं, तर चोर सापडला. त्या ओळीवर दोनदा क्लिक करा, 'डिटेल्स' पानावर जा आणि 'प्रॉपर्टी'च्या यादीतून 'हार्डवेअर आयडीज' निवडा. एक लांबलचक ओळ दिसेल. तीत व्हीईएन या अक्षरांपुढे १०ईसी असेल तर चिप रिअलटेकची, १४एफ१ असेल तर कॉनेक्झंटची. डीईव्ही पुढचा आकडा चिपचा क्रमांक सांगतो; ०२५६ म्हणजे रिअलटेक एएलसी२५६. ८०८६ (इंटेल), १००२ (एएमडी) किंवा १०डीई (एनव्हीडिया) असलेली ओळ बहुधा एचडीएमआयच्या आवाजाची असते. तिला हात लावू नका.

आता ड्रायव्हर. लॅपटॉपच्या पोटावरच्या स्टिकरवरचा सिरियल नंबर किंवा सर्व्हिस टॅग कंपनीच्या संकेतस्थळावर टाका आणि ऑडिओचा ड्रायव्हर तिथूनच उतरवा. 'एका क्लिकमध्ये सगळे ड्रायव्हर अपडेट' म्हणणाऱ्या फुकट सॉफ्टवेअरच्या वाटेला जाऊ नका. तिथे चिप जुळते, पण मॉडेल जुळत नाही, आणि आपल्याला तर मॉडेलचंच माप हवंय. विंडोज ११च्या रकान्यात काही नसेल तर त्याच मॉडेलचा विंडोज १० (६४ बिट)चा ड्रायव्हर घ्या, तो बहुतेक वेळा चालतो. टाकून झाला की 'रीस्टार्ट' करा. 'शटडाउन' करून परत चालू करणं म्हणजे तेच नव्हे: 'फास्ट स्टार्टअप' चालू असेल तर शटडाउनमध्ये विंडोजचा गाभा डिस्कवर जपून ठेवला जातो आणि तोच परत उठतो, जुन्या दुखण्यासकट.

एवढं करून 'रिअलटेक ऑडिओ' दिसू लागलं पण आवाज अजून पातळच, तर ॲप राहिलंय. २०१८-१९नंतरच्या बहुतेक लॅपटॉपमध्ये ड्रायव्हर वेगळा आणि त्याचं नियंत्रण करणारं ॲप वेगळं असतं. ॲप मायक्रोसॉफ्ट स्टोअरमधून येतं. 'सेटिंग्ज', 'विंडोज अपडेट', 'ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स', 'ऑप्शनल अपडेट्स' इथे ऑडिओच्या नावाच्या ओळी रेंगाळलेल्या असतील तर त्या सगळ्या घ्या. एक घेऊन दुसरी सोडली तर ॲप उघडतं आणि सेवेशी जोडता येत नाही असं सांगून बंद पडतं.

कंपनीने तुमच्या मॉडेलचं पानच काढून टाकलं असेल तरी एक वाट राहते. अपग्रेडनंतर सी ड्राइव्हवर 'विंडोज.ओल्ड' नावाचं फोल्डर १० दिवस असतं आणि जुना, नीट चालणारा ड्रायव्हर त्याच्या पोटात असतो. डिव्हाइस मॅनेजरमध्ये त्या ओळीवर उजवी क्लिक, 'अपडेट ड्रायव्हर', 'ब्राउज माय कम्प्युटर फॉर ड्रायव्हर्स', आणि रस्ता असा द्या: विंडोज.ओल्ड, त्यात विंडोज, त्यात सिस्टिम३२, त्यात ड्रायव्हरस्टोअर, त्यात फाइलरिपॉझिटरी. 'इन्क्लूड सबफोल्डर्स'वर खूण हवी. दहा दिवस उलटले की हे फोल्डर आपोआप पुसलं जातं आणि 'गो बॅक' करून विंडोज १०वर परतण्याची सोयही त्याबरोबरच जाते. म्हणून आवाजाची परीक्षा अपग्रेडच्याच दिवशी घ्यावी.

आणि स्पीकर खरंच गेलेत का हे विंडोजला न विचारता कळतं. डेलचा लॅपटॉप चालू करताना एफ१२ दाबून 'डायग्नोस्टिक्स', एचपीचा असेल तर एस्केप दाबून मग एफ२. दोन्हींत ऑडिओची चाचणी आहे आणि ती ऑपरेटिंग सिस्टिम सुरू होण्याआधी चालते. तिथे सूर स्वच्छ ऐकू आला तर दुकानदाराला तसं सांगा.

गाण्याचे वर्ग ऑनलाइन घेते. नव्या विंडोजनंतर विद्यार्थ्यांना तानपुरा ऐकू येत नाही. सुरुवातीला दोन-तीन सेकंद येतो आणि विरतो. मी षड्ज लांबवला तर तोही बुडतो, सरगम मात्र स्पष्ट जाते. तानपुऱ्याचं यंत्र लॅपटॉपशेजारीच असतं. माइक खराब आहे का?
— संगीतशिक्षिका, सदाशिव पेठ

माइक उत्तम आहे. बिघाड आहे तो अतिहुशारीचा. गोंगाट काढून टाकणारं सॉफ्टवेअर कसं ओळखतं की हा गोंगाट? जो आवाज एकसारखा, न बदलता चालू राहतो तो गोंगाट. जो तुटक, चढउताराचा, तो माणूस. पंखा, एसी, मिक्सर यांना हे माप बरोबर लागू पडतं. पण तानपुरा तर अखंड राहावा म्हणूनच असतो. यंत्राच्या लेखी तानपुरा आणि पंखा यांत फरक नाही. तुमचा लांबवलेला सा त्याला तिसऱ्या-चौथ्या सेकंदाला पंखाच वाटू लागतो. सरगम तुटक, म्हणून ती सुटते.

ही चाळणी तीन ठिकाणी असू शकते आणि अपग्रेडनंतर पहिल्या दोन नव्याने चालू झालेल्या सापडतात. विंडोजमध्ये 'सेटिंग्ज', 'सिस्टिम', 'साउंड', मग 'इनपुट'खाली आपल्या माइकवर क्लिक करा. 'ऑडिओ एन्हान्समेंट्स' समोर 'ऑफ' करा. दुसरी लॅपटॉप कंपनीच्या ॲपमध्ये असते, 'एआय नॉइज कॅन्सलिंग' किंवा तत्सम नावाने. अपग्रेडबरोबर ॲप नवं आलं की ही सोय चालू होऊनच येते. अगदी नव्या लॅपटॉपवर 'स्टुडिओ इफेक्ट्स'मध्ये 'व्हॉइस फोकस' म्हणून आणखी एक असते, तीही बंद करा.

तिसरी झूममध्ये. 'सेटिंग्ज', 'ऑडिओ' इथे 'ओरिजिनल साउंड फॉर म्युझिशियन्स' चालू करा, त्याखालच्या 'हाय फिडेलिटी म्युझिक मोड'वर खूण करा. एवढ्याने काम होत नाही. वर्ग सुरू झाल्यावर खिडकीत वरच्या बाजूला 'ओरिजिनल साउंड' असं बटण येतं, ते 'ऑन' दाखवतंय ना हे दर वर्गाला पाहावं लागतं. इथेच बहुतेक जण चुकतात.

आता बारकावा. तानपुरा वेगळ्या यंत्रावर असेल तर त्याला गोंगाटाची चाळणी खाते. पण तो लॅपटॉपवरच्या ॲपमधून, लॅपटॉपच्या स्पीकरवर लावलात तर त्याला प्रतिध्वनी काढणारी चाळणी खाते, कारण स्पीकरमधून निघालेलं जे जे माइकमध्ये परत येतं ते काढून टाकणं हेच तिचं काम. म्हणजे लॅपटॉपवरून तानपुरा लावायचा तर माइकच्या भरवशावर ठेवू नका. झूममध्ये 'शेअर' दाबून 'ॲडव्हान्स्ड'मधून 'कम्प्युटर ऑडिओ' निवडा. तानपुरा माइकला न भेटता थेट विद्यार्थ्यांकडे जाईल आणि तुम्ही तो हेडफोनवर ऐका. हेडफोन असतील तरच 'एको कॅन्सलेशन' बंद करा, नाहीतर विद्यार्थ्यांचा आवाज त्यांनाच परत ऐकू जाईल.

'ऑटोमॅटिकली ॲडजस्ट मायक्रोफोन व्हॉल्यूम'वरची खूणही काढा. ती मंद्र उचलते आणि तार दाबते. आवाजाचा लगाव शिकवायचा आणि यंत्राने तो सपाट करायचा, यात अर्थ नाही. तार षड्ज पूर्ण ताकदीने लावून पातळीची पट्टी शेवटच्या टोकाला न भिडता जराशी अलीकडे राहील, इतपत माइक ठेवा.

कोणती चाळणी चालू आहे हे कळत नसेल तर विंडोजच्या 'साउंड रेकॉर्डर'मध्ये १५ सेकंद तानपुरा घ्या. तिथे शाबूत असेल तर आधी झूमकडे पाहा. तिथेही विरला तर विंडोज किंवा कंपनीचं ॲप.

मोबाइलचे इयरफोन लॅपटॉपला लावतो. ऐकू येतं, पण माइक लॅपटॉपचाच चालू राहतो. अपग्रेडपूर्वी इयरफोनचा चालायचा.
— एक वाचक, धनकवडी

३.५ मिलिमीटरच्या पिनवर तीन काळे पट्टे आहेत ना, पाहून घ्या. तीन पट्टे म्हणजे चार भाग: टोक डावा कान, मग उजवा, मग अर्थ (ग्राउंड), आणि तळाशी माइक. दोनच पट्टे असतील तर माइकच नाही, तेव्हा ड्रायव्हरला दोष देऊ नका.

भाग चार असतील तर दोष वर सांगितलेलाच, सर्वसाधारण ड्रायव्हरचा. पिन आत गेल्यावर लॅपटॉपला कळतं की काहीतरी आलं. ते हेडफोन आहे की हेडसेट, हे कंपनीचा ड्रायव्हर विचारतो. 'विच डिव्हाइस डिड यू प्लग इन' अशी खिडकी पूर्वी येत असेल ती हीच. कंपनीचा ड्रायव्हर आणि 'रिअलटेक ऑडिओ कन्सोल' टाकल्यावर 'डिव्हाइस ॲडव्हान्स्ड सेटिंग्ज'मध्ये ती खिडकी परत चालू करता येते. उत्तरात 'हेडसेट' निवडा. एकदा चुकून 'हेडफोन' निवडलं की ते लक्षात ठेवलं जातं आणि पुढच्या वेळी विचारलं जाईलच असं नाही.

जाता जाता: गाण्यातली साथसंगत ऐकू येते पण गायक विहिरीत पडल्यासारखा गायब होतो, आणि इयरफोनवरचं बटण दाबून धरलं की परत येतो, असं झालं तर पिन पूर्ण आत गेलेली नाही किंवा इयरफोन जुन्या जोडणीचे आहेत, ज्यात अर्थ आणि माइक यांची जागा उलटी असते. खिशातला कापूस जॅकच्या तळाशी घट्ट बसलेला असतो, तो लाकडी टूथपिकने लॅपटॉप बंद करून काढा. सुई घालू नका.

तीन छोटे प्रश्न, छोटी उत्तरं

*मॉनिटर जोडला की लॅपटॉप मुका होतो (वाकड).* आवाज एचडीएमआयने मॉनिटरकडे गेलाय आणि मॉनिटरला स्पीकर नाहीत. विंडोज, कंट्रोल आणि व्ही या तीन कळा एकदम दाबा, आउटपुटची यादी उघडते, 'स्पीकर्स' निवडा. अपग्रेडमध्ये जुनी पसंती पुसली जाते, एवढंच झालंय.

*फोन-कॉल सुरू झाला की गाणं एकदम बारीक होतं.* विंडोज आणि आर दाबून एम-एम-एस-वाय-एस-डॉट-सी-पी-एल ही अक्षरं सलग टाइप करा. जुनी साउंडची खिडकी उघडेल. 'कम्युनिकेशन्स' पानावर इतर आवाज ८० टक्के कमी करण्याचा पर्याय मुळातच निवडलेला असतो. 'डू नथिंग' करा.

*मुलाखतीच्या वेळी माइक 'सापडत नाही' (हिंजवडी).* 'सेटिंग्ज', 'प्रायव्हसी अँड सिक्युरिटी', 'मायक्रोफोन'. तिथे तीन खटके आहेत आणि सर्वांत खालचा, 'लेट डेस्कटॉप ॲप्स ॲक्सेस युअर मायक्रोफोन', नजरेतून सुटतो. ब्राउझरमधून मुलाखत असेल तर पत्त्याच्या पट्टीतली परवानगी वेगळी. आणि कीबोर्डवर माइकची खूण असलेल्या कळीचा दिवा पेटलाय का तेही पाहा. त्या कळीने बंद केलेला माइक कोणत्याही खटक्याने चालू होत नाही.

ब्लूटूथ हेडफोनवर गाणी छान वाजतात, पण मीटिंग सुरू झाली की आवाज जुन्या टेलिफोनसारखा. विंडोज १०मध्ये यादीत एकाच हेडफोनच्या दोन नोंदी दिसायच्या, आता एकच. दुसरी कुठे गेली?
— एक वाचक, औंध

दुसरी पहिलीतच मिसळली. पूर्वी 'स्टिरिओ' आणि 'हँड्स-फ्री' अशा दोन नोंदी होत्या आणि तुम्ही नकळत बरोबर ती निवडत होतात. विंडोज ११ एकच दाखवतं आणि गरज पाहून आतल्या आत रूळ बदलतं.

रूळ दोन का, तर नेहमीच्या ब्लूटूथमध्ये उत्तम प्रतीचा स्टिरिओ एकाच दिशेने जातो. हेडफोनचा माइक उघडला की दुतर्फा रस्ता लागतो, आणि तो अरुंद आहे: एकच चॅनेल, सेकंदाला ८,००० किंवा १६,००० नमुने. गाण्याला ४४,१०० लागतात. म्हणून टेलिफोन.

उपाय सोपा आणि फुकट: मीटिंगच्या ॲपमध्ये माइक म्हणून लॅपटॉपचा निवडा, स्पीकर म्हणून हेडफोन. माइक उघडलाच नाही तर रूळ बदलत नाही. खोलीत गलका असेल तर हे जमत नाही, तेव्हा वायरचा हेडसेट घ्या. एलई ऑडिओ नावाची नवी पद्धत ही अडचण मुळातून सोडवते, पण त्यासाठी लॅपटॉप आणि हेडफोन दोन्ही त्या पद्धतीचे हवेत. तेवढ्यासाठी दोन्ही बदलायला आम्ही सांगणार नाही.

अभ्यासिकेत वापरायच्या लॅपटॉपवर उबुंटू २२.०४ होतं, ते २४.०४ केलं. आता साउंडमध्ये 'डमी आउटपुट' येतं. मित्राच्या त्याच अपग्रेडनंतर हेडफोन वाजतो, स्पीकर गप्प. एकच रोग आहे का?
— विद्यार्थी, नारायण पेठ

दोन वेगळे रोग. पार्श्वभूमी एवढीच की २२.०४मध्ये आवाजाचा कारभार पल्सऑडिओकडे होता. २२.१०पासून उबुंटूने तो पाइपवायर आणि वायरप्लंबर या जोडीकडे दिला. तुम्ही एकदम २४.०४वर गेलात, म्हणजे कर्नल (प्रणालीचा गाभा) आणि कारभारी दोन्ही एका दिवसात बदलले.

तुमचं आधी. आज्ञा टाइप करायच्या खिडकीत, म्हणजे टर्मिनलमध्ये, 'एप्ले' ही आज्ञा (ए-पी-एल-ए-वाय), एक जागा, मग डॅश आणि लहान एल असं द्या. यादीत कार्डाचं नाव आलं तर कर्नलला चिप दिसतेय, गोंधळ वरच्या मजल्यावर आहे. घरच्या फोल्डरमध्ये 'डॉट लोकल', त्यात 'स्टेट', त्यात 'वायरप्लंबर' असं फोल्डर असतं, त्याचं नाव बदलून ठेवा (पुसू नका) आणि लॉगआउट करून परत आत या. जुन्या निवडी त्यात साठतात. नवं फोल्डर आपोआप तयार होतं. यादीत कार्डच आलं नाही तर मजला खालचा. इंटेलच्या नव्या लॅपटॉपमध्ये ऑडिओच्या प्रोसेसरला फर्मवेअर (चिपच्या आत चालणारं सॉफ्टवेअर) भरवावं लागतं, ते 'फर्मवेअर-एसओएफ-साइन्ड' या पॅकेजमध्ये असतं. ते आहे का पाहा, नसेल तर टाका.

इंटरनेटवर जो तो कर्नलला 'डीएसपी ड्रायव्हर'चा आकडा १ द्यायला सांगतो. त्याने आवाज जुन्या मार्गावर जातो आणि स्पीकर उठतोही, पण पडद्याच्या कडेला बसवलेला डिजिटल माइक त्या मार्गाने दिसतच नाही. ऑनलाइन मुलाखतीच्या आदल्या रात्री हा उद्योग करू नका.

मित्राचा प्रश्न जास्त रंजक आहे. आधी टर्मिनलमध्ये 'अल्सामिक्सर' उघडायला सांगा, एफ६ने खरं कार्ड निवडायचं. 'स्पीकर'च्या खांबाखाली 'एमएम' दिसलं तर तो खांब मुका आहे, एम दाबला की उघडतो. 'ऑटो-म्यूट मोड' असेल तर तोही बंद करून पाहावा: हेडफोन काढल्यावरही तो लावलेलाच आहे असं काही लॅपटॉपना वाटत राहतं.

हे सगळं ठीक असूनही स्पीकर गप्प, तर त्या लॅपटॉपमध्ये स्पीकरसाठी वेगळी ॲम्प्लिफायर चिप असण्याची दाट शक्यता आहे. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सची टीएएस२७८१ किंवा सिरस लॉजिकची सीएस३५एल४१ ही नेहमीची नावं. हेडफोनला मुख्य चिप थेट पुरते, स्पीकरला मात्र ही मधली चिप जागी व्हावी लागते आणि तिची ओळख कर्नलला त्या त्या मॉडेलप्रमाणे करून द्यावी लागते. २४.०४बरोबर मूळ कर्नल ६.८ आला, २४.०४.२बरोबर ६.११ आणि २४.०४.३बरोबर ६.१४ मिळाला, आणि अशा चिपांची सोय नव्या कर्नलमध्ये वाढत गेली आहे. आधी नवा कर्नल आणि कंपनीचं ताजं बायोस (लॅपटॉप चालू होताना सर्वांत आधी उठणारं सॉफ्टवेअर). उलट, पूर्वी वाजत होतं आणि आताच थांबलं असेल, तर चालू होताना 'ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स फॉर उबुंटू'मधून जुना कर्नल निवडून पाहावा; अपग्रेडनंतर तो बहुधा शिल्लक असतो.

याच कारणाने 'पेनड्राइव्हवरून लिनक्स चालवून पाहिलं, तिथेही आवाज नाही, म्हणजे स्पीकर गेले' हा निष्कर्ष चुकीचा ठरू शकतो. लिनक्सवर वाजले तर स्पीकर नक्की चांगले. नाही वाजले तर काहीच सिद्ध झालं नाही.

व्हिडिओ पाहताना मधूनमधून चर्र असा आवाज येतो. चार्जर लावला की वर सततची गुणगुणही.
— एक वाचक, कसबा पेठ

चर्र आणि गुणगुण या सख्ख्या बहिणी नाहीत. गुणगुण चार्जर काढल्याबरोबर थांबत असेल तर तिचा अपग्रेडशी काही संबंध नाही, ती अर्थिंगची. जुन्या वाड्यात तीन पिनांचा प्लग दोन पिनांच्या अडॅप्टरमध्ये खुपसलेला असतो. वायरमनकडून तिसरं भोक खरंच जमिनीला पोचतंय का, हे तपासून घ्या.

चर्र मात्र ड्रायव्हरची. आवाजाचे तुकडे काही मिलिसेकंदांच्या आत चिपला पोचावे लागतात. दुसऱ्या कोणत्या ड्रायव्हरने प्रोसेसर अडवून धरला की एक तुकडा चुकतो आणि तिथे चर्र होतं. पुष्कळदा आवाजाचा ड्रायव्हर निर्दोष असतो आणि गुन्हेगार वायफाय निघतो. आधी साधी परीक्षा: एखादं गाणं लॅपटॉपवर उतरवून ठेवा, एअरप्लेन मोड लावा आणि ते दहा मिनिटं ऐका. चर्र थांबली तर वायफायचा ड्रायव्हर बदला. नेमकं नाव हवं असेल तर 'लेटन्सीमॉन' हे मोफत साधन दहा मिनिटं चालू ठेवा, यादीत 'एनडीआयएस.एसवायएस' सर्वांत वर आलं तर बोट नेटवर्ककडेच आहे. तरीही नाही गेली तर जुन्या साउंडच्या खिडकीत स्पीकरचा 'डीफॉल्ट फॉरमॅट' १६ बिट, ४८००० हर्ट्झ करा.

मी अंध आहे, एनव्हीडीए या पडदा वाचून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरवर काम करतो. अपग्रेडनंतर आवाज गेला तर मला पडदा काय म्हणतो हेच कळत नाही. आधीच काय तयारी ठेवू?
— एक वाचक, कोथरूड

तपकीर गल्लीत दोन-तीनशे रुपयांत मिळणारं यूएसबी साउंड कार्ड आधीच घेऊन ठेवा, हेडफोनच्या जॅकचं, अंगठ्याएवढं. त्याला वेगळा ड्रायव्हर लागत नाही, विंडोजजवळ आहे तोच पुरतो. लॅपटॉपची मूळ चिप मुकी झाली तरी हे खोचल्यावर १०-१५ सेकंदांत आवाज यायला हवा. विकत घेतल्यावर अपग्रेडपूर्वी एकदा लावून, एनव्हीडीए त्यातून बोलतो हे पाहून ठेवा. एनव्हीडीएच्या ऑडिओच्या सेटिंगमध्ये आउटपुट विशिष्ट स्पीकरवर न ठेवता डीफॉल्टवर ठेवा, म्हणजे तो आपसूक नव्या कार्डाकडे वळेल.

आवाज गेला असं वाटलं तर आधी एनव्हीडीएची कळ (बहुधा इन्सर्ट) आणि एस दाबा. बोलणं बंद करण्याची कळ तीच आहे आणि घाईत दाबली जाते. एकेकदा दाबत गेलात की बोलण्याचे प्रकार फिरत येतात. मग कंट्रोल, ऑल्ट आणि एनने एनव्हीडीए नव्याने सुरू करा. तरी शांतता असेल तर कंट्रोल, विंडोज आणि एंटर दाबून नॅरेटर (विंडोजचा स्वतःचा पडदा-वाचक) बोलतो का ऐका. तो बोलला तर दोष एनव्हीडीएचा, तोही गप्प असेल तर कार्ड खोचा. कार्डावर आवाज आला की राहिलेली दुरुस्ती या सदरातल्या पहिल्या उत्तराप्रमाणे, तुमची तुम्हालाच करता येईल.

अजून विंडोज १०वरच आहे. जाण्याआधी आवाजासाठी काही करून ठेवावं का?
— एक वाचक, सिंहगड रोड

दोन गोष्टी. विंडोज अपडेट 'तुमच्या लॅपटॉपसाठी अपग्रेड अजून तयार नाही' अशा अर्थाचं काही म्हणत असेल तर दुसऱ्या वाटेने ढकलू नका. त्यामागे अनेकदा ऑडिओच असतो. ११व्या पिढीच्या इंटेल प्रोसेसरवर स्मार्ट साउंडच्या १०.२९.०.५१५२ आणि १०.३०.०.५१५२ या ड्रायव्हरांमुळे विंडोज कोसळून निळा पडदा येत होता, म्हणून अशा लॅपटॉपना विंडोज ११ रोखून धरलं गेलं. शेवटचा आकडा ५७१४ किंवा पुढचा झाल्यावर वाट मोकळी झाली. डिसेंबर २०२४मध्ये विंडोज ११ची २४एच२ आवृत्ती डिरॅकचं सॉफ्टवेअर असलेल्या काही लॅपटॉपना अशीच नाकारली गेली, कारण तिथे अंगचे स्पीकर आणि ब्लूटूथ सगळंच गप्प होत होतं.

दुसरी, आत्ता नीट चालणारे सगळे ड्रायव्हर पेनड्राइव्हवर काढून ठेवा. 'कमांड प्रॉम्प्ट' ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडा. 'पीएनपीयूटिल', जागा, तिरकी रेघ आणि लगेच 'एक्स्पोर्ट-ड्रायव्हर', जागा, तारा (*), जागा, आणि शेवटी पेनड्राइव्हवर आधीच तयार केलेल्या रिकाम्या फोल्डरचा पत्ता. काही मिनिटं लागतात. पुढे गरज पडली तर डिव्हाइस मॅनेजरला विंडोज.ओल्डऐवजी हे फोल्डर दाखवायचं, आणि दहा दिवसांची घाई राहत नाही.

आणि अपग्रेड गुरुवारी, पुण्यात दुरुस्तीसाठी वीज जाण्याच्या दिवशी, लावू नका. लॅपटॉपला बॅटरी असते, राउटरला नसते.